आहेर कुणाच्या हाती

म्हशाच्या जत्रेतली ती बांगडीवाली नगरकडची होती. गळ्यात काळ्या दोऱ्याला छोटा क्रूस, चेहरा सदा हसरा. गिऱ्हाइकाचा हात हाती घेतला की ती आधी गप्पांत गुंतवायची. माणूस बोलू लागला की बांगडी अलगद मनगटात जाऊन बसायची.

माझी आत्याही अशीच बोलती झाली. "भावाकडं लगीन हाय, पन मी नाय जानार. टाकून बोलला तो मला. आहेर गड्याबरोबर धाडीन."

मग तिचं लक्ष क्रूसाकडे गेलं. "तुमच्या देवाला पोरगा हाय म्हंतात, खरा?"

"खरा. येशू ख्रिस्त."

"मंग देव सोता का नाय आला? पोराला कशाला धाडला?"

बांगडीवालीने विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलगा आहे ना? मग आहेर गड्याच्या हाती का?"

"पोरगा गेला म्हंजे मीच गेले गो! मला तर जायाचंच नाय."

बांगडीवाली खळखळून हसली. "बघा, तुम्हीच सांगितलंत! आमच्या देवाला यायचंच होतं. म्हणून त्यानं गडी नाही, पोरगा पाठवला. पोरगा आला म्हणजे तोच आला."

आत्याने भरलेल्या बांगड्या मनगटावर फिरवून पाहिल्या. मग तिने दुसरा हात पुढे केला. "या हातात पन भर. लग्नाला जायाचं हाय."

परतताना एसटीत ती मला म्हणाली, "तिचा देव मला नाय ठाऊक गो, पन रुसून बसनारा नाय दिसत."