कॅसेटवाले मुळेसाहेब

मुळेसाहेब नवी कॅसेट कधीही ए बाजूने ऐकत नसत. वरचा चकचकीत कागद नखाने फाडायचा, कॅसेटचा वास घ्यायचा (हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मुळीच आवडत नसे) आणि सरळ बी बाजू लावायची. "ए बाजू कंपनीची असते, जोगळेकर," ते मला म्हणायचे, "बी बाजू गाणाऱ्याची. पाहुण्यांसमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात. माणूस पाहायचा तर बैठकीत नाही, मागच्या खोलीत पाहावा."

नव्वदच्या दशकात बँकेने मला साताऱ्याहून उचललं आणि लखनौला नेऊन ठेवलं. निशातगंजच्या शाखेत मराठी माणूस एकच, कर्जविभागातले मुळेसाहेब. मूळचे वर्ध्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. राहायला कुठे आहेस, आणि गाणं ऐकतेस का. पहिल्याचं उत्तर "धर्मशाळेत" असं होतं, दुसऱ्याचं "हो". संध्याकाळी माझी ट्रंक त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत पोचली होती. यातल्या कोणत्या उत्तराने काम झालं ते मला अजून कळलेलं नाही.

बँकेत साहेब चारचौघांसारखेच होते. पण शनिवारी त्यांचा रुबाब वेगळा. तिथल्या एका हिंदी दैनिकात ते दर शनिवारी नव्या कॅसेटींवर लिहायचे. मराठी माणसाने हिंदीत लिहून लखनौकरांना गाणं शिकवायचं म्हणजे धाडसच. त्यांची 'दही'पासून 'किताब'पर्यंतची सगळी लिंगं उपसंपादक सरळ करायचा म्हणे. पण मतं मात्र त्यांचीच असत. एका गझलेच्या कॅसेटवर त्यांनी लिहिलं होतं, "पहिल्या गझलेत पेला, दुसरीत पेला, आठवीतही पेला. ऐकणाऱ्याला भूक लागते, पण पोळी कोणी वाढत नाही." एका भजनसंग्रहावर: "देव प्रसन्न होईल. शेजाऱ्यांचं सांगता येत नाही." जुन्या गाण्यांना ढोलताशे लावून विकायची लाट आली तेव्हा लिहिलं, "जुन्या साडीचे पडदे शिवायला हरकत नाही. फक्त त्याला शालू म्हणू नका." सब्जीवाला भैयासुद्धा तराजू हातात धरून विचारायचा, "कैसेटवाले साहब, इस हफ़्ते कौन-सी ले लें?" आणि साहेब भेंडी निवडता निवडता त्याला गंभीरपणे सल्ला द्यायचे.

कानाचा त्यांना फार अभिमान होता. तबला उतरलाय, सारंगीवाला घाईत आहे, अमुक ठिकाणी गंधार केसभर चढलाय, हे ते दात घासतानाही ओळखत. अभिमान असा एकदा अंगात मुरला की माणूस सेल बदलायला विसरतो.

झालं असं. त्या जूनमध्ये वीज म्हणजे पाहुणी होती, आली काय अन् गेली काय. 'चौक' या जुन्या मोहल्ल्यात राहणाऱ्या कनीज़ आपा नावाच्या साठीच्या एका गायिकेची आयुष्यातली पहिली कॅसेट निघाली होती, दादरे आणि ठुमऱ्यांची. लिखाण दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि वीज गेलेली. साहेबांनी टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले. सेल जुने, पण उन्हात ठेवले की त्यांच्यात पुन्हा जीव येतो असा आपल्या सगळ्यांसारखा त्यांचाही विश्वास. "नवे आणा म्हणून कधीची सांगतेय," असं काकू म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. कनीज़ आपांना साहेबांनी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं, तेव्हा ताडून बघायला काहीच नव्हतं. शनिवारी छापून आलं, "आवाज़ बैठ गई है, लय घिसटती है। बेगम साहिबा अब आराम करें तो इज़्ज़त बनी रहेगी।"

पुढच्या आठवड्यात मी ती कॅसेट मुद्दाम विकत घेतली. साहेब इतकं कडू सहसा लिहीत नसत, म्हणून कुतूहल. रविवारी सकाळी वीज होती. माझ्या खोलीत मी ती लावली आणि दोन मिनिटांत साहेब बनियनवर जिना चढून वर आले.

"ही कोण गातेय? काय आवाज आहे!"

"ज्यांना तुम्ही आराम करायला सांगितलंत, त्याच."

ते माझ्या उंबऱ्यातच बसले. अख्खी बाजू तिथेच ऐकली. मग खाली जाऊन त्यांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर आणला, त्याच सेलवर तीच कॅसेट लावली. टेप रडतरडत फिरू लागली आणि कनीज़ आपा दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या.

संपादक म्हणाले, सेल के चक्कर में अख़बार माफ़ी नहीं माँगता. साहेब दोन दिवस त्यांच्या टेबलासमोर बसून राहिले, तेव्हा कुठे कोपऱ्यात दोन ओळी छापल्या गेल्या. पण तेवढ्याने साहेबांचं समाधान होणार नव्हतं. पुढच्या रविवारी मला म्हणाले, "स्कूटर काढ. चौकात जायचंय."

स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून आम्ही चालत गेलो. खाली चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचं दुकान, वर आपांची खोली. आपांनी सरबत दिलं, पंखा आमच्याकडे वळवला. कोपऱ्यात तानपुरा चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवला होता. साहेबांनी हात जोडून सेलची सगळी कथा सांगितली. मांडीवर टेपरेकॉर्डर होताच. लावून दाखवतो म्हणाले. आपा हसल्या.

"रहने दीजिए, मुळे साहब. आप शरीफ़ आदमी हैं, धूप में इतनी दूर आए."

"आपा, मैं झूठ नहीं बोल रहा. आप बहुत अच्छा गाती हैं."

"लखनऊ में तारीफ़ का क्या है? तारीफ़ तो हम मेहमान के जूतों की भी कर देते हैं. बुराई ही आदमी दिल से करता है. आपने जो पहले लिखा, वो दिल से लिखा था."

त्या शहरात माफी ही अदब म्हणूनच धरली जाते, हे आम्हा दोन मराठी माणसांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपांनी कंपनीला दुसऱ्या कॅसेटसाठी नाही म्हणून कळवलं होतं. परीक्षण छापून आलं त्या दिवसापासून गाणंही बंद होतं.

साहेबांची नजर चादरीतल्या तानपुऱ्याकडे गेली. मग एकदम म्हणाले, "तो मुझे सिखाइए."

"इस उम्र में?"

"सिखाने में तो कोई बुराई नहीं लिखी मैंने."

आपांना हसू आवरेना. आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग दर रविवारी सकाळी मी साहेबांना स्कूटरवर मागे बसवून चौकात न्यायला लागले. एकच दादरा, त्याचीही एकच ओळ. ओळीच्या शेवटी गंधार खाली यायला हवा, साहेबांचा हटकून वर जायचा. आपा गाऊन दाखवायच्या. साहेब पुन्हा चुकायचे. आपा वैतागून पुन्हा गायच्या, मग मागची ओळ, मग पुढची, आणि बघता बघता सबंध दादरा. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबायच्या. महिन्याभरात चादर निघून बाजूला पडली आणि तानपुरा आपांच्या मांडीवर आला.

परतताना मी साहेबांची टर उडवायची. दुसऱ्याचा केसभर चढलेला गंधार दात घासताना पकडणारा माणूस स्वतः हातभर चुकतो, म्हणजे कमाल आहे! ते म्हणायचे, "ऐकणं वेगळं, गाणं वेगळं. आमटीला नावं ठेवणाऱ्याला आमटी करता येते का?" मला ते पटलं. मी साधी बाई आहे.

पुढच्या वर्षी आपांची दुसरी कॅसेट निघाली. सगळ्या गावाने तिच्यावर लिहिलं, साहेबांनी नाही. शिष्याने गुरूचं परीक्षण लिहू नये, म्हणाले. पण सब्जीवाल्याला मात्र त्यांनी ती घ्यायला लावली.

मग साहेबांची नागपूरला बदली झाली. काकूंना माहेर जवळ येणार म्हणून आनंद. साहेब मात्र आपांना सांगायचं पुढे ढकलत राहिले. शेवटचा रविवार आला. आपांनी तानपुरा छेडला. साहेबांनी ती ओळ म्हटली आणि शेवटचा गंधार नेमका जिथे हवा तिथे येऊन बसला. मी दचकलेच.

आपांची बोटं तारांवर थांबली. त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "कहाँ का तबादला हुआ?"

"नागपुर," साहेब म्हणाले. "आपको कैसे मालूम?"

"आज सही जो गाया आपने. मुळे साहब, हर बार एक ही जगह, इतनी सफ़ाई से चूकने वाला बेसुरा नहीं होता. ये तो मैं पहले ही महीने में समझ गई थी."

"तो कहा क्यों नहीं?"

"कह देती तो आप आना बंद कर देते, और मैं गाना."

मुळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मांडी नीट घालून ती ओळ पुन्हा म्हटली, चुकवून. आणि आपांनी ती त्यांना पहिल्यापासून गाऊन दाखवली.