उतरत गेलेली पट्टी: गोंदिया, नागरा, चिचगड

वंदना सुधाकर रामटेके, गेल्या डिसेंबरात, २०१२ साली, तू गेलीस. या डिसेंबरात तुझ्या बँडची गोंदियातील सरावाची खोली रिकामी करण्यासाठी मी निघालो. घशातील गाठ सापडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "ही बरीच जुनी आहे." किती जुनी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. या तीन दिवसांच्या प्रवासाचे खरे कारण तेच होते.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. 'बांधी' हा तिघांचा बँड १९९९ साली सुरू झाला. वंदना गात असे, नागऱ्याचे मोरेश्वर गिटार वाजवीत आणि तिच्या माहेरचे, चिचगडचे फागूजी डफ. धानाच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात. रोवणीची, म्हणजे धानाची रोपे लावतानाची, गाणी त्यांनी गिटारवर आणली. दर शनिवारी ती नागपूरहून गोंदियाला जाई. मी कधीही सोबत गेलो नाही. घरी बसून त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर याच ब्लॉगवर लिहीत असे.

सकाळच्या गाडीने नागपूर सोडले की जेवणाच्या वेळेआधी गोंदिया येते. स्टेशनाबाहेर पोहे-तर्री मिळते. तर्री तिखट असते, बेताने घ्यावी. खोली एका राईस मिलच्या मागे आहे. घरमालकीण अम्मा कोंड्याची धूळ झाडत दारातच उभ्या होत्या.

"आप ही वो मास्टरजी? बाई कहती थी, घर में एक रेडियो है, कभी बंद नहीं होता," असे म्हणून त्यांनी हसत दोन किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

आत एक सतरंजी, गोधडीने झाकलेला अॅम्प्लिफायर, एक टेप-सीडी प्लेअर, एक कॅसेट आणि दोन सीडी होत्या. भिंतीवर मोरेश्वरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: १९९९, काळी पाच. २००२, काळी पाच. २००५, पांढरी चार. २००९, काळी दोन. २००२ नंतर गाण्याची पट्टी खाली खाली येत गेली होती. तिन्ही मुद्रणे मी प्रथमच ओळीने ऐकली. कॅसेटमध्ये साधी गिटार, डफ आणि बांधीच्या पार पलीकडे पोहोचेल असा तुझा चढा आवाज आहे. पहिल्या सीडीत गिटार विजेची होते आणि वेग कमी होतो. शेवटच्या सीडीतील सगळेच संथ, जड व खोल आहे. समीक्षकाच्या भाषेत याला उत्क्रांती म्हणतात. मीही तसेच म्हटले होते.

नागरा गोंदियाहून जवळ आहे. ऑटोने सहज जाता येते. तेथील जुने शिवमंदिर सावकाश पाहण्यासारखे आहे, मी मात्र पायरीपाशीच थांबलो. मोरेश्वर तिथे वाट पाहत होते.

"आमची रीत उलटी होती, भाऊजी," ते म्हणाले. "धान निघाल्यावर पयल्या बैठकीत आधी बाई एकटी गाये. तिच्या सुराले मी तार जुळवो, फागूकाका धानाचं तनस पेटवून त्याच्यावर डफ शेकत. बाई खाली उतरली का मी तार ढिली करो. ढिली तार भनभन करे, म्हून जाड तार लावली. लोक म्हनत, 'बांधी'चा साऊंड बदलला! आमी कायचे बदलतो? आमी बाईच्या मांगं मांगं जाऊन राहिलो होतो."

"पण ती खाली का येत होती?"

ते कळसाकडे पाहू लागले. "ते काकाले पुसा. त्याइच्या गावची लेक होती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने देवरी आणि तेथून शेअर जीपने चिचगड गाठले. रस्ता जंगलातून जातो. परतीची शेवटची जीप केव्हा सुटते ते उतरतानाच विचारून घ्यावे. फागूजी अंगणात तणसाची पेंढी बांधत होते.

"या जवाई! लग्नात दिसले, तं आता दिसून राहिले. जाडे झाले जी!"

भात आणि लाखोळीची डाळ यांचे जेवण होईपर्यंत त्यांनी मला काही विचारू दिले नाही. हात धुतल्यावर मी विचारले, "तिला केव्हापासून त्रास होता?"

"दोन हजार पाचच्या रोवन्यापासून. वरचा सूर लागे ना. मंग गिळतानी दुखे."

"मला का कळवले नाही?"

"गावच्या लेकीची खोट गावानं जवायाले सांगाची नसते जी. बाईनंच सांगावं. आमी तोंड बंद ठेवलं, पट्टी उतरवली." त्यांनी अर्धवट बांधलेली पेंढी जवळ ओढली. "दोन हजार नऊमंदी, दुसऱ्या सीडीनंतर, मी लय भांडलो तिच्यासंग. बाई म्हने, या हप्त्यात घरी सांगतो, दवाखान्यात जातो. पुढच्या शनिवारी तुमचं लिवलेलं छापून आनलं. आमाले वाचून दाखोलं. म्हने, काका, त्याइले असाच आवडून राहिला, तं आता दवाखाना कायले?"

वाक्य माझे होते: 'या आवाजाला आता पिकलेल्या धानाचा भार आला आहे.' ते लिहून झाल्यावर मी समाधानाने चहा मागितला होता. तो तूच आणून दिलास.

मी कॅसेट सोबत नेली होती. फागूजींच्या टेपवर ती लावली. पहिली ओळ ऐकताच ते उठले, तणीस पेटवले आणि डफ आगीवर फिरवू लागले. थोडे शेकायचे, बोटाने ठोकून पाहायचे, पुन्हा शेकायचे. डफाचा नाद चढत गेला; पण तुझ्या सुराच्या खालीच राहिला.

"आता नाई चढत, जवाई," ते म्हणाले. "याच्याहून जादा शेकलं तं कातडं फाटन."

टेप मीच बंद केला.

हे नागपूरला, ते वाक्य लिहिले त्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. वाचकांपैकी कोणी हा मार्ग घेणार असेल, तर धान निघाल्यानंतर जावे. हवा चांगली असते. तुझ्यावरील ती जुनी नोंद मी काढून टाकलेली नाही. तिच्या शिरोभागी एवढेच लिहिले आहे की लेखकाला ऐकू आले होते, समजले नव्हते. डॉक्टरांना न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सात वर्षे असे आहे. त्यांपैकी अखेरची तीन माझ्या नावावर आहेत.

तिसऱ्या दिवशी अॅम्प्लिफायर मोरेश्वर घेऊन गेले. भिंत पुसू का, असे अम्मांनी विचारले. मी नको म्हटले. दुपारी खोलीला कुलूप लावले, एकदा ओढून पाहिले आणि दोन्ही किल्ल्या त्यांना परत केल्या.