चित्र थांबलं होतं तेव्हा

फुलसावंगीहून भावानं पाठवलेला फोटो मोबाइलवर उघडता उघडेना. मी यवतमाळच्या बसस्टँडवर उभा होतो. शेवटी त्याचाच फोन आला. "दादा, रशीदभाई गेले…"

आमच्या गावात रशीदभाईंनी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. पुढं घरोघरी इंटरनेटवर चालणारे टीव्ही आले, पण नेट मात्र रडतखडत चालायचं. चित्र अडकलं की लोक त्यांनाच हाक मारत. खरं तर हा बिघाड त्यांच्या हातातला नव्हताच. तरी ते येत, मोबाइल घेऊन गच्चीवर चढत, कुठल्या कोपऱ्यात रेंज लागते ते हुडकत आणि चहासाठीही न थांबता निघून जात.

दोन वर्षांपूर्वीची एक दुपार मला विसरता येत नाही. आमच्या शेजारच्या कमलाबाईंची पूजा खो-खोच्या राज्यस्पर्धेत अंतिम सामना खेळत होती. कापसाच्या वेचणीपायी कमलाबाईंनी लेकीला मैदानावर कधी पाहिलंच नव्हतं. रशीदभाईंनी माझा मोबाइल गच्चीच्या कठड्यावर ठेवला, त्याचं नेट खाली माझ्या टीव्हीला जोडलं आणि कमलाबाईंना अगदी समोर बसवलं. शेवटचं मिनिट आलं. एक गडी बाद झाला की सामना आपला. पूजानं खांबाकडं सूर मारला आणि चित्र थांबलं… पोरगी हवेतच!

"पडली का काय माही पोरगी?" कमलाबाई रडकुंडीला आल्या. रशीदभाईंनी मैदानावरच्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला, ऐकलं आणि ठेवला.

"पोरीले लागलं नाही."

"मंग जिंकली का?"

"दिसन तुमाले. थांबा जरा."

आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलो. ते भिंतीला टेकून शांत बसून राहिले, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. चार-पाच मिनिटांनी चित्र जिथं थांबलं होतं तिथूनच हललं. पूजाचा हात समोरच्या मुलीच्या पाठीला लागला, शिट्टी वाजली आणि कमलाबाई टीव्हीवर हात ठेवून हुंदके देऊ लागल्या.

रशीदभाई निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, "अन् हरली असती तर?"

"तरी तिच्या मायनंच आधी पाह्यलं पायजे, गुरुजी. मी कोन सांगनारा?"

गेल्या आठवड्यात रशीदभाईंच्या पत्नीला, जुबेदाभाभींना भेटायला त्यांच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता रशीदभाईंचा मोबाइल वाजला. भाभींनी उचलला. "नाही… ते नाही राह्यले आता." पलीकडचा माणूस ओशाळून फोन ठेवू लागला असावा. भाभींनी पदरानं डोळे पुसले आणि घाईनं म्हणाल्या, "ठेवू नका, भाऊ. टीव्हीचं काय झालं, ते सांगा."