शिट्टीच्या गळ्यातला कॉम्प्युटर
धाकट्या जावेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा जाऊबाईंनी मनात पक्कंच करून टाकलं की ही बाई शाळेत पीटी शिकवते. गळ्यात काळी दोरी, दोरीला बोटाएवढं काहीतरी लटकलेलं. शिट्टीच की! नवऱ्याच्या कानात त्या म्हणाल्यासुद्धा, "आता बघा, सकाळी सहाला उठवून उड्या मारायला लावेल सगळ्यांना." पुढे कळलं की बाई छपाईसाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते आणि ती शिट्टी म्हणजे पेनड्राइव्ह आहे, तेव्हा जाऊबाई इतक्या हसल्या की हातातला चहा अर्धा बशीत. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शिट्टी.

पेनड्राइव्ह म्हणजे फोटो ठेवायची डबी, एवढीच जाऊबाईंची समजूत. शिट्टीने त्यात अख्खा लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सगळी यंत्रणाच, बसवला होता. तिचे फॉन्ट, तिची पानं, पडद्यावरचं जाडं मांजर, सगळं त्यात.

"वहिनी, कॉम्प्युटर कुणाचाही असू दे. हे लावून चालू केला की तो माझा. काढलं की ज्याचा त्याचा."

"म्हणजे परक्याच्या घरी जायचं, पण गादी-उशी आपली?"

"आणि निघताना गुंडाळून काखेत!"

आता ही गादी पहिल्यांदा घालताना एक घोळ झाला होता, तो सांगायलाच हवा. लिनक्स बसवायला तिने थोरल्या दिरांचा, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याचा, लॅपटॉप घेतला, आणि चालू व्हायची किल्ली पेनड्राइव्हमध्ये पडायच्या ऐवजी पडली लॅपटॉपच्या पोटात. झालं! शिट्टीचा पेनड्राइव्ह लावल्याशिवाय दिरांचा लॅपटॉप डोळाच उघडेना. दोन दिवस बिचारे सकाळी दाढीचा फेस घेऊन हिच्या दारात. "अगं, तेवढी शिट्टी दे जरा." तिसऱ्या दिवशी तिने ते निस्तरलं, लॅपटॉपची डिस्क तेवढ्यापुरती बाहेर काढली आणि पेनड्राइव्हवर सगळं पहिल्यापासून नीट बसवलं. दिरांनी मात्र लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवला तो ठेवलाच.

एवढं माहीत असूनही जाऊबाईंनी प्रेसमध्ये तिच्यासाठी शब्द टाकला. त्या तिथे बारा वर्षं प्रुफं तपासतात. मालक म्हणाले, "पंधरा दिवस बघू. शाळेचं विज्ञानाचं पुस्तक वेळेत छपाईला गेलं तर कायम. नाहीतर नमस्कार."

शिट्टी रोज दुपारी मालकांच्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसायची, कारण सकाळी तिथे ते स्वतः असत. मध्ये चार दिवस मालक बाहेरगावी गेले. पंधराव्या दिवशी परत आले, पत्र लिहायला बटण दाबलं, तर पडदा काळा. वर एकच ओळ, डिस्क सापडत नाही.

"बाई!" मालक ओरडले, तशा जाऊबाई प्रुफं टाकून धावल्या. "तुमच्या जावेने काय खुपसलं ह्याच्यात? मेला तो! आणि पुस्तकही गेलं!"

जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर दाढीचा फेस. तेवढ्यात शिट्टी आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, सगळं ऐकून घेतलं.

"पुस्तक कुठे गेलंय? हे काय गळ्यात. दुसरी प्रत घरी आहे."

"मग त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर दाखवा."

"छे! आरोप ह्याच्यावर आहे ना? मग ह्याच्यावरच दाखवते."

पेनड्राइव्ह लावला, दोन बटणं दाबली, आणि मेलेल्या कॉम्प्युटरवर जाडं मांजर येऊन बसलं. मागोमाग विज्ञानाची एकशे चौऱ्याऐंशी पानं, चित्रांसकट.

"हा डिस्कशिवाय चालतो?" मालकांचा चष्मा नाकाच्या टोकावर.

"मला तुमची डिस्क लागतच नाही. ती कधी गेली, मला पत्तासुद्धा नाही. मी आपली रोज काम करत होते."

"पण घालवली कुणी?"

"कान लावा. डिस्क मरायला टेकली की अशी वाजते."

कॉम्प्युटरच्या पेटीतून बारीक आवाज येत होता. कट, कट, कट. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! हा आवाज तर उन्हाळ्यापासून येतोय. मला वाटायचं, भिंतीवरचं घड्याळ."

"बाई, ते घड्याळ वर्षभर बंद आहे," मालक म्हणाले.

"म्हणूनच वेळ चुकत होती माझी!"

शिट्टी तर उन्हाळ्यात प्रेसच्या पायरीवरसुद्धा आली नव्हती. जाऊबाईंची मान ताठ झाली. दोनच्या आत पानं छपाईला गेली.

"ठीक आहे, कायम," मालक म्हणाले. "पण उद्यापासून कोपऱ्यात बसा. तुम्हाला काय, कुठलाही कॉम्प्युटर चालतो. खिडकी माझी."

"कोपऱ्यातला तुम्हालाही चालतो, मलाही चालतो," शिट्टी म्हणाली. "खिडकीतला फक्त मला चालतो. तुम्ही तिथे बसून करणार काय?"

"नवी डिस्क आणेन!"

"आणाल तेव्हा उठेन."

मालकांनी मदतीसाठी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी चटकन प्रुफात डोकं घातलं. मग मालकांनी आपली पाठीची उशी उचलली, चष्म्याची डबी उचलली आणि कोपऱ्यात जाऊन बसले.