लॉग गप्प केला आणि वास सुटला

भूत-बाधा वगैरे आमच्या घरात कुणी मानत नाही, मी तर कॉम्प्युटर शिकतो... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय.

मी लोणी काळभोरहून पुण्यात कॉलेजला येतो. घरातला पहिलाच. लॅपटॉप बुधवार पेठेतला, जुना. पण डिस्क नवी टाकून लिनक्स मीच बसवलं. त्यात फाइलींची सूची ठेवणारी एक सर्व्हिस मागे चालू असते. ती दर दोन सेकंदांनी लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एकच ओळ लिहायची — अमुक फोल्डरमधली फाइल उघडत नाही. तसा फोल्डरच नव्हता! लॉगने डिस्क भरली, प्रोजेक्ट सेव्ह होईना.

"लॉग काय वाचनालयात ठेवायचाय का? गप्प कर त्या सर्व्हिसला," माझा प्रोजेक्ट पार्टनर अनिकेत म्हणाला.

सेटिंगमध्ये एक ओळ घातली. बडबड थांबली.

त्याच संध्याकाळपासून घरात सडक्या मासळीसारखा वास. आईनं कपाटामागे मेलेला उंदीर शोधला. काही नाही.

दोन दिवसांनी कॉलेजात प्रोजेक्टचा डेमो. लॅपटॉप उघडला आणि तोच वास — दाट, घशाला चिकटणारा. परीक्षकांनी रुमाल लावला. "अहो, कुणाचा डबा आहे का इथे?"

सगळ्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. "बोंबील का रे आज?" अनिकेत हसला.

"सॉरी सर... माझाच असेल," मी म्हणालो. डबा बाहेर खिडकीत ठेवून आलो. उघडूनही पाहिला नाही.

परीक्षक म्हणाले, "लॉग एवढा शांत कसा? काय बंद केलंय ते चालू करा."

ती ओळ काढली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. स्क्रीनवर तेच मेसेज धावू लागले... आणि वास गेला. एका क्षणात!

नंतर घरी तीनदा करून पाहिलं. लॉग गप्प केला की वास, बोलू दिला की नाही. लॅपटॉप खोलला, आत स्वच्छ. आता मेसेज चालू ठेवतो, जुना लॉग हातानं पुसतो. कारण आजही कळलेलं नाही.

त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. आईनं उघडला — भाकरी, मेथीची भाजी. वास फक्त लसणाचा.

"खाल्लं न्हाईस व्हय रं? भाजी बिघडली हुती का?" असं विचारून तिनं डबा नाकाशी नेला.

मला माझीच किळस आली.