चाळीस रुपयांचा जावई

बीडहून निघताना आईनं मला दोन गोष्टी बजावल्या: उन्हापासून डोकं जप आणि लोकांपासून तोंड जप. चौसाळ्याच्या कचेरीची तपासणी उरकून मी केजला मुलगी बघायला जाणार होतो. पगाराविषयी खरं बोलायच्या माझ्या खोडीपायी आधीची दोन स्थळं हातची गेली होती. मी निजाम सरकारचा हिशेबतपासनीस. तनखा (पगार) महिना चाळीस रुपये हाली (निजामी शिक्क्याचे), दौऱ्याचं गाडीभाडं वेगळं. वरकमाई शून्य.

गाडीवान महादूनं मांजरसुंब्याच्या घाटात गाडी चढवली. माथ्यावर त्यानं बैल थांबवले.

"सायब, तनखा किती म्हनायचा?"

"चाळीस."

"आन् वरचं?"

"काही नाही."

तो बैलांना म्हणाला, "ऐका रे!"

वाट वाकडी करून आम्ही कपिलधारला उतरलो. डोंगराच्या कुशीत देऊळ, बाजूला धबधबा, आणि पाणी असं गार की पहिल्या धारेलाच माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. अंग पुसत परत आलो, तर माकडांनी माझ्या दशम्या संपवून फडकंसुद्धा झाडावर नेलं होतं. चौसाळ्याला पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते.

तिथल्या कारकुनानं ते ओळखलं असावं. ज्वारीची भाकरी, येसर (मसाल्याची झणझणीत आमटी), शेंगदाण्याची चटणी, असं ताट समोर आलं. ज्याचे कागद तपासायचे त्याचं अन्न फुकट खायचं नाही, हा माझा नेम. मी चार आणे काढले आणि म्हटलं, "पावती द्या."

"जेवनाची पावती? कावून (का) बरं?"

"नेम आहे माझा."

त्यानं लिहिलं: एक सायब जेवले, चार आणे. दोन दिवसांनी निघताना त्यानं गाडीत सीताफळांची पाटी ठेवली. मी तिचेही पैसे देऊन पावती घेतली. आता तो माझ्याकडे अतिशय आदरानं बघत होता. प्रामाणिकपणाची कदर करणारा माणूस भेटला म्हणून मी खुशीत गाडीत बसलो.

केजला मुलीचे वडील, बळवंतराव, यांनी बैठकीत मोठी गादी घातली होती. पोह्यांची बशी माझ्या हातात येताच त्यांनी विचारलं, "तनखा?"

"चाळीस."

"आन् वर?"

आईचे शब्द आठवले. पण खोड ती खोड. "एक पैसाही नाही."

आता बशी काढून घेतात की काय म्हणून मी घाईनं दोन घास खाल्ले. बळवंतरावांनी मात्र मांडीवर थाप मारली. "वा! चौसाळ्याचा कारकून आमच्या नात्यातलाच हाय. त्याचा निरोप घोड्यावरून तुमच्या आधीच आलाय. आजवर लई हुद्देदार पाह्यले. खातेत आन् गावभर बोभाटा करतेत. ह्यो गडी शितफळाचीबी पावती घेतो! असा मानूस किती खात आसंल, कुनाला पत्ता लागायचा न्हाई!"

"अहो, खरंच नाही हो."

"सासऱ्यापाशीबी कबूल करीना! जावईबापू, पोरगी दिली तुमाला."

तेवढ्यात गोदावरी, म्हणजे मुलगी, पान घेऊन आली. तिनं एकदाच वर पाहिलं. ती मला मनापासून आवडली आणि तिथंच माझी पंचाईत झाली. वरकमाईच्या आशेवर हिला माझ्या चाळीस रुपयांच्या घरात आणायचं म्हणजे शुद्ध फसवणूक. मी आणखी एकदा खरं सांगून पाहिलं. बळवंतराव हसून हसून खोकायला लागले.

जड मनानं गाडीत बसत होतो, तोच मुलीची आत्या फराळाचा डबा घेऊन मागच्या दारानं आली. हळूच म्हणाली, "पोरगी दाराआडून ऐकत व्हती. म्हंती, मानूस खरं बोलतोय, चाळीसात भागवीन मी. फकस्त तुमी आता तिच्या बापाला पटवत बसू नका, न्हाईतर लगीन मोडंल."

ह्या नोकरीत कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नसतो. म्हणूनच की काय, माझ्या शब्दावरही कोणी ठेवत नसे. गोदावरीनं नुसतं ऐकून विश्वास ठेवला. परतीच्या वाटेवर मला इतका आनंद झाला की गाडीत बसवेना. घाट मी पायीच उतरलो. आनंदाच्या मागोमाग धास्तीही आली. चाळीसात आता आईसकट तिघांचं भागवायचं होतं. बीडची वेस दिसायच्या आत मी तंबाखूचा खर्च बंद केला आणि माझी पिशवी महादूला देऊन टाकली.