चंद्रीची कॅसेट आणाय इंदापूरला

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. इंदापूरच्या तात्यांकडनं चंद्री म्हैस इकत घेतली अन् घरी आल्यापास्नं ती पान्हा चोराय लागली. कास भरलेली, पण धार न्हाय. आमच्या मंडळी म्हणल्या, "येत्या बाजारात हिला इकते, न्हायतर तुमाला." मी तात्यांना इचाराय निघालो.

कोऱ्हाळ्यावनं जीपनं बारामती, तितनं इंदापूरची यस्टी. कुणाला जायचं आसंल तर कारखाना चालू आसताना जाऊ नका. भवानीनगरला उसाच्या गाड्यांमागं यस्टी आशी थांबती, की माणूस उतरून ऊस खाऊन परत जागंवर बसतो. मी बसलो.

इंदापुरात आधी उजनी धरणातली चिलापी मासळी खाल्ली. तळलेलीच मागा, रस्सा नुस्ता पाणी. मग तात्यांकडं. म्होरं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं गोठा.

"तात्या, चंद्रीला काय खायला घालत हुता?"

"खायचं सोडा. वाजवता काय?"

तात्यांना इंग्रजी कॅसेटींचा नाद. घरात काकू वाजवू देत न्हवत्या, म्हणून धारंच्या टायमाला गोठ्यात ऐकायचं. चंद्रीला तीच सवय लागलेली.

तात्यांनी रॉकची कॅसेट लावली. पत्र्यावनं साखळी वढल्यावानी गिटार! रेडी दावं तोडाय लागली.

"ही माझी," तात्या म्हणलं. "चंद्रीची ही, सोल म्हणत्यात त्या गाण्यांची." अन् दुसरी लावली.

एक बाई पोटातनं गात हुती, मागनं बाकीच्या ओ देत हुत्या, जात्यावर बसल्यागत. शब्द एक कळंना, पर मी उठलो न्हाय.

"ह्यातलं चांगलं गाणं कंचं? तेवढंच लावतो."

"आबा, ह्याला अल्बम म्हणत्यात. पयल्यापास्नं शेवटापत्तुर. मधलं गाळलं तर लाथ खाशीला."

कॅसेट देताना तात्यांचा हात सुटंना. "म्हैस इकताना येवढं वंगाळ वाटलं न्हवतं," म्हणलं.

सांच्याला घरी मंडळी धारंला बसल्या, मी आमचा टेप गोठ्यात आणून कॅसेट लावली. मला कुठला दम? एक गाणं पुढं पळवलं. बादली उकिरड्यावर! गपगुमान कॅसेट मागं घेतली, पयल्यापास्नं लावली. बाई गाया लागली अन् चंद्रीनं पान्हा सोडला.

"अवो, हिला कसलं दुख हाय?" मंडळींनी इचारलं.

"म्हशीला?"

"गाणारीला."

"गप धार काढ."

पुढं चंद्री आटली. सेल कशाला जाळा म्हणून मी टेप माळ्यावर टाकला. एक दिवस सांच्याला गोठ्यातनं तीच बाई ऐकू आली. बघतो तर मंडळी बसल्यात, जवळ बादली न्हाय.

"म्हैस आटलीया की!"

"तिच्यासाठी कुठं लावलंय? बसा गप. मधी बोलू नका."

बसलो. दुसरी बाजू मीच लावली.